बियाण्याचं सूप आणि सात बोटं कुंकू

आमच्या घरात बियाण्याचं भात यंत्रावर काढत नाहीत. बाकीचं भात मळणीयंत्रात घाला नाहीतर ट्रॅक्टरखाली घाला, कुणी विचारत नाही. पण पुढच्या वर्षी पेरायचं ते फळीवर झोडायचं आणि वाऱ्यावर उपणायचं. यंत्रात दाण्याला मार बसतो आणि मार बसलेला दाणा नीट उगवत नाही, असं सासूबाई सांगायच्या. उपणायचं कुणी, तर घरातल्या एकाच बाईनं. उंच तिपाईवर उभं राहायचं, भरलेलं सूप डोक्याच्या वर धरायचं आणि हलकेच तिरकं करायचं. दाणा सरळ खाली पडतो, फोल वाऱ्याबरोबर जातं. सासूबाईंनी ते सूप माझ्या हातात दिलं तेव्हा मला या घरात येऊन वीस-बावीस वर्षं झाली होती. देताना एकच वाक्य बोलल्या, "एकदा हातातनं गेलं की माघारी यायचं न्हाई." त्यांच्याकडेही ते परत गेलं नाही. त्या नंतर खळ्याच्या कडेला बसून माझ्या चुका काढायच्या, आणि मला वाटतं त्यांना तेच जास्त आवडायचं.

हे आधी सांगून टाकलं, कारण गेल्या शिमग्यात माझा उजवा खांदा बंद पडला.

एकदम नाही हं पडला. आधी चोळीचं बटण लागेना. मग फळीवरचा डबा उतरेना. मग वेणीफणी बंद झाली आणि आमच्या ह्यांनी माझा अंबाडा घालायला घेतला. कंपनीतून रिटायर झालेला माणूस, आयुष्यात गुरांच्या दाव्याशिवाय दुसरं काही बांधलेलं नाही. त्यांनी जी गाठ मारली ती तीन दिवस सुटली नाही. बाजारात एका बाईनं मला थांबवून विचारलं, मावशी, ही कुठली फॅशन.

शेजारच्या दारात माझी धाकटी जाऊ राहते. दोन घरं, पण पडवी एकच, मधे अडसर म्हणून नुसतं एक जुनं बाकडं. ती माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच आहे आणि ही गोष्ट ती गेली चाळीस वर्षं विसरू देत नाही. एक दिवस ती बाकड्यावर येऊन बसली.

"अक्का, हात वर कर बगू."

"केलाय की."

"ह्यो वर केलाय? मला वाटलं भाकरी वाढतीयास."

तिनं जरा वेळ पायाच्या बोटाशी चाळा केला आणि मग मुद्द्यावर आली. "मग औंदा सूप माज्याकडं म्हनायचं."

आता धाकटीचं उपणणं मी एकदा पाहिलेलं आहे, तिच्या माहेरच्या खळ्यावर. सूप ती असं उडवते, की दाणा आणि फोल दोघंही हातात हात घालून शेजारच्याच्या बांधावर जातात. मी तिथल्या तिथं ठरवलं, की कार्तिकापर्यंत हात वर गेला पाहिजे. आणि ह्यांना म्हटलं, "चला. लोणावळ्याला जायचं."

आमच्या आंदर मावळातून लोणावळ्याला जायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. गाडी मिळाली तर मिळाली, नाहीतर चालायचं, मग कान्हे स्टेशनाला येऊन लोकल. तुंगार्लीत तळ्याकडे चढणाऱ्या रस्त्याला एका बंगल्याच्या खालच्या मजल्यावर व्यायामाची डॉक्टरीणबाई बसायची. तिशीतली पोर, रोज घोरावाडीहून लोकलनं यायची. तिनं माझा हात पुढे नेला, बाजूला नेला, मागे नेताना मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"आजी, खांदा गोठलाय. फ्रोझन शोल्डर म्हणतात ह्याला."

"गोठायला आमच्याकडं काय बर्फ पडतो व्हय?"

ती हसली. मग नीट समजावून सांगायला लागली. म्हणाली, सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते, तुमची ती आकसून घट्ट झालीय. साखर असलेल्यांना जास्त होतं हे. चामड्याची चप्पल भिजून उन्हात वाळली की कशी होते, तसं समजा.

हे मला पटलं. वाळलेली चप्पल मला माहीत आहे. मी म्हटलं, "म्हंजी तेल लावून रोज थोडं थोडं घालून हिंडायचं."

"बरोबर. आणि एकदम पाय कोंबला तर?"

"फाटायची."

"म्हणून ओढाताण करायची नाही. व्यायाम करताना जरासं दुखलं तर चालेल, पण नंतर ठणका बसला, झोप मोडली, तर समजायचं जास्त झालं. दुसऱ्या दिवशी कमी करायचं."

मी विचारलं, किती दिवसांत सुटेल. ती म्हणाली, दिवस नाहीत आजी, महिने म्हणा, कधी वर्षाच्याही वर जातं. मी म्हटलं, भात कार्तिकात निघतं. तिला उपणणं म्हणजे काय ते कळेना, म्हणून मी तिच्या टेबलावरची वही डाव्या हातानं उचलून करून दाखवलं. वहीतून दोन चिठ्ठ्या पडल्या, फोल म्हणून.

"म्हणजे दोन्ही हात डोक्याच्या वर, वजन घेऊन," ती म्हणाली.

"आन् तिपाईवर उभं ऱ्हाऊन."

पोरीनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. एक कागद घेतला आणि माणसं काढायला लागली. काडीचे हात, काडीचे पाय, वर एक वाटोळं डोकं. एक वाकलेलं, एक आडवं पडलेलं, एक भिंतीला चिकटलेलं. लोकलमध्ये ह्यांनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "ही तू न्हवं. हिला कंबर हाय."

तर ते व्यायाम. पहिला लंबकाचा. चांगल्या हातानं कशालातरी धरून वाकायचं आणि दुखरा हात मोकळा सोडून झुलवायचा. हातानं झुलायचं नाही, अंग हलवायचं, हात आपोआप झुलतो, विहिरीत सोडलेल्या बादलीसारखा. मला गोठ्यातली गव्हाण बरोबर उंचीची वाटली. मी वाकून हात सोडला की आमची गाय तो चाटायची. पहिल्या दिवशी हे गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले.

"काय पडलंय का?"

"व्यायाम करतीया."

"तुजा का गायीचा?"

दुसरा व्यायाम काठीचा. पाठीवर पडायचं, दोन्ही हातांत काठी धरायची आणि चांगल्या हातानं दुखऱ्याला डोक्याच्या दिशेनं न्यायचं. डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं, चांगला हात गाडी चालवेल, दुखऱ्यानं नुसतं मागे बसून जायचं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तिसरा, पाठीमागं टॉवेल धरून, पाठ पुसतो तसा. त्याला मी जुन्या लुगड्याची पट्टी घेतली. आणि चौथा भिंतीचा. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी कोळ्यासारखं भिंतीवर चढत जायचं, खांदा न उचलता. जिथं बोटं थांबतील तिथं खूण करायची. चार-आठ दिवसांनी बघायचं, खूण वर गेली का.

इथं माझ्याकडून जे झालं ते झालं.

मी हा व्यायाम सकाळी तुळशीला पाणी घातल्यावर पडवीत करायची. खूण करायला पेन्सिल हवी, आणि आमच्या घरात पेन्सिल सापडायची म्हणजे आधी चष्मा सापडायला हवा. बोटाला मात्र कुंकू लागलेलं असायचं, नुकतंच तुळशीला लावलेलं. मी तेच बोट भिंतीला टेकवलं. निळा चुना दिलेली भिंत, त्यावर लाल टिकली. छान दिसली. आठ दिवसांनी दुसरी, तिच्या दोन बोटं वर. मग तिसरी. आषाढ गेला, श्रावण गेला, गणपती बसायच्या सुमाराला भिंतीवर एकाखाली एक सात टिकल्या झाल्या होत्या, आणि सातवी माझ्या कपाळाच्या उंचीला होती. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी दोन चहा प्यायले.

तेव्हाच धाकटी माहेरून दोनेक महिन्यांनी परत आली. पिशवी खाली ठेवली, भिंतीकडे पाहिलं, आणि पायातल्या चपला काढल्या.

"अक्का," ती अगदी हळू म्हणाली, "तुला आसरा आल्यात?"

साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. आमच्या ओढ्याच्या डोहापाशी एका दगडावर त्यांची सात बोटं कुंकू लावलेली आहेत, आणि बायका त्यांना फार मानतात. हात-पाय धरला, अंग आखडलं, की पहिला संशय त्यांच्यावर. धाकटीचा हिशेब लगेच जुळला. माझा हात धरलाय, भिंतीवर सात बोटं उठलीत, मी रोज सकाळी त्यांच्यापुढं हात वर करून उभी राहते. आणखी काय पुरावा पाहिजे.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण तोवर ती घरात जाऊन नारळ घेऊन आली होती, आणि फोडलेला नारळ परत जोडता येत नाही.

"पन ह्या उभ्या का?" तिनं विचारलं. "डोहापाशी तर आडव्या हायत."

तिनंच उत्तर काढलं. "पान्यातनं वर चढत्यात."

दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी दहीभात आला. दही घट्ट, वर मिरचीची फोडणी. तो कुणी खायचा, तर जिच्या घरी देव तिनं. मी खाल्ला. तिसऱ्या दिवशी वरच्या आळीतली एक म्हातारी आली, तिची कालवड दोन दिवस रानात हरवली होती. तिनं हिरव्या बांगड्या ठेवल्या आणि माझ्या पाया पडली. मी म्हटलं, अगं तू माझ्यापेक्षा मोठी. ती म्हणाली, तू न्हाई, त्या. संध्याकाळच्या आत कालवड आपली आपण घरी आली, आणि मग काय विचारता. पडवीत उभं राहायला जागा उरेना.

आता अडचण ऐका. पुढच्या आठवड्यात माझी बोटं सातव्या टिकलीच्या वर गेली. चांगली दीड बोट. मी कुंकवाचं बोट तिथं टेकवणार, तोच बाकड्यावरून धाकटी उठली.

"काय करतीयास?"

"बोट लावतीया."

"आटवं?"

"बरं मग?"

"आसरा सात असत्यात अक्का. आटवी कोन आनलीस?"

आणि तिनं माझं बोट आपल्या पदरानं पुसून टाकलं. व्यायामालाही हरकत घेतली. देवाच्या अंगावर बोटं चालवत चढायचं म्हणजे काय, म्हणाली. सकाळी एक, संध्याकाळी एक, अशी बायकांची पाळीच लागली भिंतीपाशी. मला माझ्याच पडवीत हात वर करायची चोरी झाली.

लोणावळ्याला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईनं विचारलं, आजी, सातवर का थांबलात. मी सांगितलं. सगळं सांगितलं, दहीभातासकट. ती पोर आधी खुर्चीत हसली, मग खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन हसली, आणि डोळे पुसत म्हणाली, "माझी आजी असती तर तिनंही नारळ आणला असता." मग कोन मोजायच्या पट्टीनं माझा हात मोजला आणि म्हणाली, खूप सुधारलाय, पण थांबलात तर पुन्हा आकसेल. दुसरी भिंत बघा.

दुसरी भिंत म्हणजे गोठा. तिथं कुंकू नको म्हणून मी चुलीतला कोळसा घेतला. दुपारी सगळे लवंडले की मी गोठ्यात जायची, लंबक झुलवायची, गाय चाटायची, मग भिंतीवर चढायची. आठवी खूण झाली, नववी झाली. दिवाळीच्या आधी बारावी झाली. ती माझ्या डोक्याच्या वर होती. मी गायीला सांगितलं. दुसरं कुणाला सांगणार?

वसुबारसेला धाकटी गायीची पूजा करायला गोठ्यात शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी दारात जाऊन उभी राहिले. ती कोळशाच्या रेघा मोजत होती, पडवीतल्या सातांच्या पुढं, आठ ते बारा. मोजून झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बोटं भिंतीला लावून स्वतः कोळ्यासारखी चढली, तिच्या उंचीनं ती आरामात बाराव्या रेघेच्या वर गेली, आणि सगळं तिच्या ध्यानात आलं.

"म्हंजी पडवीत बी ह्येच हुतं."

"व्हय."

"आन् म्या दहीभात कुनाला घातला?"

"मला."

खरं सांगते, मला वाटलं आता चाळीस वर्षांचं बाकडं भिंत होतंय. देवाच्या नावानं फसवलं म्हणून ती बोलायची बंद झाली असती तर मी काय म्हणणार होते? ती गायीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "मग कालवड कशी आली?"

मी म्हटलं, मला काय ठाऊक.

"तू बोटं लावलीस व्यायामाची. रिकामी जागा दिसली, त्या यून बसल्या. त्यात तुजं काय गेलं?" आणि जाता जाता, "तिकडं पडवीत त्या सात जनी खालनं ढकलत्यात म्हनून हित्तं तुजा हात बारावर गेला. डाक्टरनीचं नाव कशाला."



कार्तिक आला, भात कापलं, झोडलं. बियाण्याचा ढीग खळ्यावर पडला, मोजून पंधरा-सोळा पाट्यांचा. दुपारनंतर डोंगराकडून वारा सुटतो, तो सुटायची वाट बघत आम्ही बसलो. हे तिपाई घेऊन आले. धाकटी पाटी भरून द्यायला उभी, आणि तिच्या चेहऱ्यावर असं होतं की, बघू.

मी चढले. पहिलं सूप उचललं आणि लगेच कळलं, बारावी रेघ रिकाम्या हाताची होती. भरल्या सुपाला खांदा कपाळाच्या वर जाईना. खाली धाकटी, ह्यांच्यासकट चार माणसं, आणि गाय. आणि मला एकदम काठी आठवली. चांगला हात गाडी चालवेल, दुखऱ्यानं मागे बसून जायचं. मी सुपाचा सगळा भार डाव्या हातावर घेतला, उजवा नुसता कडेला टेकवला, आणि डाव्यानं त्याला वर नेलं. गेला. कानाच्या वर गेला. सूप तिरकं झालं, दाणा सळसळत खाली आणि फोल लांब पिवळ्या पट्ट्यासारखं वाऱ्यावर. मला हसू आवरेना. तिपाईवर उभी राहून एवढी मोठी बाई हसतेय म्हणून हे खालून ओरडले, "पडशील."

एक पाटी झाली, दोन झाल्या. डोक्यावर, भुवयांवर फोल बसलं, तोंडात गेलं, मी थुंकत होते आणि हसत होते. सात पाट्या झाल्या. आठवी भरून धाकटीनं वर धरली आणि माझा हात जागचा हलला नाही. ठणका नाही, काही नाही, नुसता म्हणाला पुरे. आणि मला डॉक्टरीणबाईचं ऐकणं भाग होतं, चप्पल फाडायची नव्हती.

धाकटीनं पाटी खाली ठेवली. कंबरेवर हात घेतले.

"सात झाल्या?"

"सात."

"आसरा सातच असत्यात अक्का. उतर खाली."

माझीच सात बोटं माझ्यावर उलटली. मी उतरले आणि सूप तिच्या हातात दिलं. देताना सासूबाईंचं वाक्य माझ्या कानात होतं, आणि तिच्याही असणार, कारण तिनं सूप घेताना एक क्षण माझ्याकडे पाहिलं नाही. ती चढली. तिला तिपाईची गरजही नव्हती खरं तर. तिनं सूप उडवलं.

पहिलं सूप ह्यांच्या डोक्यावर पडलं. दाण्यासकट. दुसरं वाऱ्यानं बांधापलीकडे नेलं, आणि तिसऱ्याला वारा पडला, तर सगळं फोल सरळ उतरून माझ्या सात पाट्यांच्या स्वच्छ ढिगावर बसलं. मी कडेला बसले होते, सासूबाई बसायच्या त्याच दगडावर. मी म्हटलं, "मनगट ढिलं सोड."

"तू गप."

"वाऱ्याकडं पाठ कर."

"अक्का, तू गप बस."

सासूबाईंना ते का आवडायचं ते मला त्या दुपारी समजलं. पण चौथ्या सुपाला धाकटी खाली उतरली, कपाळावरचं फोल पुसलं आणि सूप माझ्या मांडीवर टाकलं. "धर तुजं. मला न्हाई पायजे. मान आवघडली." राहिलेलं भात दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी मी उपणलं, रोज सात पाट्यांच्या आत. तिनं पाट्या भरून दिल्या, आणि तिनं मिसळलेलं फोलही मलाच परत काढावं लागलं. सूप हातातनं गेलं आणि माघारी आलं. असं आमच्या घरात याआधी झालेलं नाही.

काम संपल्यावर सूप भिंतीला टांगायचं असतं. ते धाकटीनं टांगलं. पडवीत, सात टिकल्यांच्या बरोबर वर, नवा खिळा ठोकून, तिच्या स्वतःच्या हाताच्या उंचीला. मी म्हटलं, अगं, ते मला काढता कसं येणार.

"काडता येईल तवाच काड. न्हाई आलं तर पुडल्या वर्सी मी हायेच की," ती म्हणाली, आणि आपल्या दारात निघून गेली.

म्हणून मी आता पुन्हा पडवीतल्याच भिंतीवर चढते. बायकांनी परवानगी दिली आहे, सात टिकल्यांना नमस्कार करून चढायचं, एवढीच अट. लोणावळ्याला महिन्यातून एकदा जाते, पोर मोजते आणि नवीन माणसं काढून देते. काल सकाळी टाचा जमिनीला टेकलेल्या असताना माझं मधलं बोट सुपाच्या कडेला लागलं. सूप खिळ्यावर हललं, त्यातून गेल्या कार्तिकातलं चिमूटभर फोल माझ्या डोळ्यांत पडलं. मी डोळे चोळत इकडंतिकडं पाहिलं. बाकडं रिकामं होतं. धाकटीला मी अजून सांगितलेलं नाही.